रुग्णाचे नाव

दुकान बंद करायला वीस मिनिटं होती
तेव्हा खल्फान आला, खजुराची टोपली पोटाशी धरून.
वर ओला पंचा. आत काहीतरी श्वास घेत होतं
माणसापेक्षा भरभर.

शूफ, दख्तूर, म्हणाला.
मी डॉक्टर नाही हे मी साहममध्ये
नऊ वर्षं सांगतोय. मी गोळ्या मोजणारा.
शिवाय ही कोंबडी.

तांबडी, मानेवर काळे ठिपके.
शेपूट खाली, पिसं फुगलेली,
उभी अशी की कुणी मागून खुर्ची ओढून घेतलीय.

मानमोडी असती तर मान वळली असती.
देवी असत्या तर तुऱ्यावर खपल्या दिसल्या असत्या.
नाकाला पाणी नाही. विष्ठेत रक्त नाही,
तीही त्यानं आणली होती, औषधाच्या रिकाम्या डबीत,
डबीवर माझ्याच दुकानाचं लेबल:
रोज सकाळी एक, न चुकता.

गळ्याखालची पिशवी चाचपली. मऊ, रिकामी.
मग आठवलं, आठवायचं नव्हतं ते.

द्वारकाआत्या, चिपळूणच्या पुढे तिचं घर,
पहाटे खुराड्यापाशी उकिडवी बसून
एकेकीला काखेत धरायची, बोट घालून सांगायची:
ही आज, ही उद्या, हिचं काही खरं नाही.
मग हात धुऊन चहा गाळायची.
फार्मसीच्या वर्गात मी कुणालाच सांगितलं नाही
की आमच्याकडे निदान असं होतं.

हातमोजा चढवला. व्हॅसलिन लावलं.
दुसऱ्या पेरापाशी ते बोटाला लागलं,
कडक नाही, सोललेल्या ताडगोळ्यासारखं.
बेदा, म्हणालो. आत. अडकलंय.
त्यानं टोपी काढली. परत घातली.

ऑगस्टात इथं गार पाण्याचा नळ पोळतो
आणि बंद गीझरचं पाणी गार येतं;
नवा माणूस पहिल्याच दिवशी ओरडत बाहेर पडतो.
मागच्या मोरीत मी दोन्ही पाणी मिसळत बसलो,
कोपर बुडवून बघत, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं.
माझ्या मुलीच्या वेळी मी हे केलं नाही.
तेव्हा मी इथंच होतो.

बाळांच्या काट्यावर वजन: एक किलो साडेसहाशे.
लहान मुलांचं कॅल्शियम, संत्र्याच्या चवीचं,
चोचीच्या कडेनं, थेंब थेंब.
आत्या शिंपले कुटून घालायची.
श्वासनळीत जाईल या भीतीनं
श्वास मीच धरलेला.
मग ती बादलीत, वर पंचा, दिवा बंद.

अंधारात खल्फान शेजारी बसला.
दारातून येणाऱ्या उजेडात त्याचे घोटे दिसले,
सुजलेले, अंगठा दाबला तर खड्डा राहील असे.
डबीवरची तारीख रमजानच्या आधीची होती.
गोळ्या? विचारलं.
आधी ती, म्हणाला.

पावणेबाराला पाण्यात काहीतरी सैल झालं.
कवच नव्हतंच. नुसती पातळ पिशवी,
दिव्यासमोर धरली तर
पलीकडची माझी बोटं दिसत होती.
कोंबडी मान वर करून रागानं बघत होती.
रागावली म्हणजे जगली, आत्या म्हणायची;
दोनदा तिचं चुकलंही होतं.

संगणक विचारतो: रुग्णाचे नाव, वय, ओळखपत्र क्रमांक.
कॅल्शियम माझ्या नावावर टाकलं,
त्याच्या गोळ्या त्याच्या.
त्यानं पाकीट टोपलीत, तिच्या पंखाखाली सरकवलं.
घेईल की नाही कुणास ठाऊक.

काटा मी स्पिरिटनं दोनदा पुसला.
तरी सकाळी एका बाईनं बाळ ठेवलं
आणि त्यानं मूठ उघडली तेव्हा
तळव्याला एक तांबडं पीस चिकटलेलं.
आकडा स्थिर होईपर्यंत
आम्ही दोघं तेच बघत होतो.